मारुतीभोवती टू पाय आय

आमच्या घरमालकीणबाईंइतकं कुतूहल अंगात असलेली बाई कोथरूडमध्ये, पुण्यात आणि माझ्या अंदाजाने त्या काळच्या उभ्या भारतात दुसरी झाली नसेल. पुण्यात एकूण माणसांकडे उत्तरं फार. विचारायच्या आधीच हातात ठेवतात. काकूंचं उलट होतं. त्यांना नुसते प्रश्न पडायचे, आणि पडलेला प्रश्न उचलून, झटकून, उजेडात धरून बघितल्याशिवाय त्या पुढे सरकत नसत. कोबीची पानं आतून बाहेर येतात की बाहेरून आत जातात, हे त्यांनी एकदा हातगाडीवाल्याला विचारलं. तो बिचारा इतका गोंधळला की पुढचे आठ दिवस आमच्या गल्लीत नुसते बटाटे घेऊन आला. काका, म्हणजे त्यांचे यजमान, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, वर्तमानपत्राच्या मागून म्हणाले, "त्याला कांद्याचं विचारू नकोस. निदान रडायला तरी काहीतरी राहू दे घरात."

मी मुळात घुमा माणूस. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाहून बी. एस्सी. करायला पुण्यात आलो, तेव्हा गच्चीवरच्या खोलीसाठी काकूंनी चार अटी सांगितल्या होत्या. खोलीत स्वयंपाक करायचा नाही. मित्र आणायचे नाहीत. दहानंतर दिवा जाळायचा नाही. आणि तिसऱ्या वर्षाला गेलास की रोज संध्याकाळी खाली येऊन, कॉलेजात गणितात काय झालं ते मला सांगायचं. पहिल्या तीन अटी तेव्हा पुण्यातल्या कुठल्याही घरमालकाकडे मिळत. चौथी ऐकून मी काकांकडे पाहिलं. "घाबरू नकोस," ते म्हणाले, "भाड्यात धरलेलं आहे."

चौथ्या अटीमागे एक पेपर होता. काकूंची स्वतःची बी. एस्सी. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका विषयावर अडली होती: कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस. सगळे पेपर दिले, आणि या पेपरच्या दिवशी सकाळी मुलगा झाला. "त्याला एक दिवस थांबायला काय झालं होतं?" असं त्या तो अमेरिकेत कॉम्प्युटरवर बसायला लागल्यावरही विचारत, आणि फोनवर त्यालाच विचारत. पुढे संसार, सासूबाईंचं आजारपण, मुलाची दहावी-बारावी. आता विद्यापीठाने जुन्या अभ्यासक्रमाच्या राहिलेल्या लोकांना एक शेवटची संधी दिली होती. ती गेली की ते दार कायमचं बंद. काकूंच्या नावापुढे पदवी लागायची तर याच खेपेला, नाही तर कधीच नाही. त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. पण त्या वर्षी त्यांनी लोणची घातली नाहीत, यावरून गल्लीने ओळखलं.

तर मी तिसऱ्या वर्षाला गेलो आणि आमची संध्याकाळची बैठक सुरू झाली. व्हरांड्यात समोरासमोर दोन वेताच्या खुर्च्या, मध्ये चहा. काकूंच्या मांडीवर मुलाची बालवाडीतली पाटी. "ए विदर्भ, खाली ये," अशी हाक आली की मी उतरायचो. माझं नाव त्यांनी अखेरपर्यंत वापरलं नाही. "आज काय झालं?" हा पहिला प्रश्न. त्यानंतर मी वर्गात फळ्यावरून उतरवलेलं वाचून दाखवायचं आणि त्यांनी मला दर वाक्याला अडवायचं. आमच्या वर्गात सरांना कुणी काही विचारत नसे. अर्धा वर्ग कॉम्प्युटरच्या क्लासमधून थेट आलेला आणि तास संपला की थेट तिकडेच जाणारा. तेव्हा सगळ्या पुण्याला कॉम्प्युटरचा ताप आलेला होता. कोथरूडमध्ये तर किराणा दुकानाच्या पोटमाळ्यावरही सी प्लस प्लस शिकवत. मीही जात होतो. मला गणितातून नोकरी हवी होती. काकूंना गणितातून गणितच हवं होतं, आणि हे मला फार विचित्र वाटायचं.

"हा आय राहतो कुठे?" हा त्यांचा पहिल्या आठवड्यातला प्रश्न. उणे एकाचं वर्गमूळ ते आय, असं मी सांगितलं. "ते कळलं. त्याचं नाव सांगितलंस. पत्ता सांग." मी म्हणालो, तो काल्पनिक असतो. "काल्पनिक गोष्टीवर विद्यापीठ परीक्षा घेतं?" काका म्हणाले, "इतर कशावर घेतं?" शेवटी मी कागदावर आडवी रेघ मारली, उभी रेघ मारली आणि उभ्या रेघेवर एक टिंब दिलं. काकूंनी ते टिंब बराच वेळ पाहिलं. "म्हणजे तो या रस्त्यावर नाहीच. काटकोनात वळून गल्लीत राहतो. असं सांग की मग." त्यानंतर आय हा त्यांच्या दृष्टीने शेजारी झाला.

त्यांची अभ्यासाची रीतही त्यांचीच होती. तयार सूत्र त्या वापरत नसत. आयतं सूत्र म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास, असं त्यांचं मत. कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसमध्ये एखाद्या बिंदूभोवती वर्तुळ काढून त्यावरून एक पूर्ण फेरी मारायची आणि फेरीअखेर हाती काय आलं ते मोजायचं, असली गणितं फार. आत तो खास बिंदू, ज्याला पोल म्हणतात, नसेल तर हाती शून्य येतं; असेल तर टू पाय आयच्या पटीत काहीतरी येतं. काकू प्रत्येक फेरी स्वतः मारत. आधी डोळे मिटून हवेत बोटाने वर्तुळ काढत, मग ती फेरी पाटीवर पायरी पायरीने लिहीत, उत्तराखाली दोन रेघा मारत आणि लगेच पुसून टाकत. उत्तर ताडून बघायची सोय नव्हती. त्यांच्या जुन्या पुस्तकाची शेवटची, उत्तरांची पानं मुलाने रांगत्या वयात खाल्ली होती. "पचली त्याला," काका म्हणत, "म्हणून तर अमेरिकेत गेला."

दारातल्या रांगोळीत पहाटे उठून त्या तीच वर्तुळं काढायच्या. दिवाळीत त्यांनी एक अशी आकृती काढली: मोठं वर्तुळ, आत छोटं वर्तुळ आणि दोघांना जोडणारी अरुंद बोळकांडी. शेजारच्या बाई थबकल्या. "अय्या, कुलूप काढलंत का हो?"

"कुलूप नाही. किल्लीचं भोक."

"दिवाळीत?"

"लक्ष्मीला यायला," काकू म्हणाल्या. वर येऊन मला विचारलं, "बरोबर आलंय ना रे?"

काका हे सगळं एका कारखान्याच्या माणसाच्या नजरेने बघत. "आम्हाला नोकरीभर शिकवलं, धोक्याच्या जागेपासून लांब राहा. ही बाई शोधून शोधून तिच्याचभोवती फिरते."

आता मी जे सांगणार आहे ते मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या बायकोला तर अजूनही नाही. फेरी म्हणजे काय, हे पहिल्यांदा समजावायची वेळ आली तेव्हा मला क्लासला जायची घाई होती. मी उभ्या उभ्या म्हणालो, "काकू, सोपं आहे. देवळात प्रदक्षिणा घालतो ना, तसं. मध्ये मारुती, म्हणजे पोल. भोवती आपण." काकूंचा चेहरा असा उजळला की मला माझंच कौतुक वाटलं. गल्लीच्या टोकाला मारुतीचं देऊळ आहे, त्याच आवारात एक छोटा महादेव. काकू रोज तिथे जात. आता त्या तिथून इंटिग्रल करून परत येऊ लागल्या.

आणि त्या उपमेवर त्यांनी माझ्यापेक्षा मोठी इमारत उभी केली. लॉग नावाचं एक विचित्र प्रकरण असतं. शून्याभोवती एक फेरी मारून निघालो त्याच जागी यावं, तर किंमत पहिली राहत नाही. गोल जिन्याने एक मजला चढून आल्यासारखं होतं. हा घोटाळा नको म्हणून शून्यापासून बाहेर एक रेघ मारतात आणि ठरवतात की ही ओलांडायची नाही. सरांनी हे दोन तास शिकवलं आणि वर्ग दोन तास खिडकीबाहेर बघत होता. मी संध्याकाळी ते जेमतेम वाचून दाखवलं. काकूंनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे महादेवाची पन्हळ!"

मला कळेना.

"अरे, महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालतात का? शाळुंकेतून पाणी बाहेर जातं ती पन्हळ ओलांडायची नाही. तिथपर्यंत जायचं, मागे फिरायचं, दुसऱ्या बाजूने तिथपर्यंत जायचं. मारुतीला पूर्ण, महादेवाला अडवून. लहानपणापासून विचारत आले, का ओलांडायची नाही? कुणी सांगेना. आज कळलं. माणूस वरच्या मजल्यावर जाईल!"

त्या संध्याकाळी मी क्लासला गेलो नाही. मला पहिल्यांदाच वाटलं की मी शिकतोय ते कशाबद्दल तरी आहे.

परीक्षा आली. जुन्या अभ्यासक्रमाचे परीक्षार्थी आमच्याच वर्गात, खिडकीकडच्या रांगेत बसवले होते. काकू नऊवारी नव्हे पण तितक्याच कडक इस्त्रीच्या साडीत आल्या, बाकावर कुंकवाएवढं टिंब दिसलं ते रुमालाने पुसलं आणि बसल्या. योगायोगाने मी त्यांच्या मागे, जरासा तिरका. प्रश्नपत्रिका वाटल्या गेल्या. काकूंनी डोळे मिटले, उजव्या हाताचं बोट उचललं आणि हवेत वर्तुळ काढलं.

मी पेनाचं टोपण उघडता उघडता थांबलो.

बोट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत होतं. गणितात फेरीची धन दिशा मानतात ती काट्यांच्या उलट. काट्यांप्रमाणे फिरलं तर उत्तर तेच येतं, पण पुढे उणे चिन्ह लागून येतं. आणि प्रदक्षिणा तर काट्यांप्रमाणेच घालतात! औक्षण काट्यांप्रमाणे, होमाभोवती काट्यांप्रमाणे, चौकातली वाहतूकसुद्धा काट्यांप्रमाणे. पुस्तकात धन दिशा असं लिहिलेलं काकूंनी वाचलं असणारच; पण गोल फिरायची जगात एकच बाजू असते, ती विचारायची काय? ज्या बाईने कोबीलाही सोडलं नाही, तिला हा एकच प्रश्न पडला नव्हता, कारण तो माझ्या उपमेने आधीच सोडवून टाकला होता. मी वर्षभर ते बोट बघितलं होतं आणि "बरोबर" म्हणालो होतो. का, तर मी समोर बसायचो. समोरून काट्यांप्रमाणे फिरणारं बोट बरोबर उलटं दिसतं. मागून मी ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

एक खोकला पुरला असता. काकूंनी मागे वळून पाहिलं असतं, मी मान हलवली असती. पर्यवेक्षक दाराशी उभे राहून चहावाल्याची वाट बघत होते. पण मी घुमा, त्यात घाबरट, त्यात मला नोकरीची मुलाखत होती आणि परीक्षेत गडबड झाली तर काय, हे एवढंच डोक्यात. काकूंचं बोट पुन्हा पुन्हा वर गेलं, पुन्हा पुन्हा उजवीकडून खाली आलं. मी खाली मान घालून माझा पेपर लिहीत राहिलो.

काकू नापास झाल्या. थोडक्यात गेल्या, म्हणजे जास्त लागलं.

निकालाच्या संध्याकाळी त्यांनी मला नेहमीसारखी हाक मारली. चहा होता, पाटी होती. "मला एक गणित करून दाखव. साधं. एक छेद झेड." मी दाखवलं. दिशा सांगितली. परीक्षेतलं सांगितलं नाही. काकूंनी पाटीवर स्वतःचं उत्तर लिहिलं, माझ्या उत्तराशेजारी धरलं. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर माझं प्रत्येक उत्तर उणे? प्रत्येक? एकही नुसतं चुकलेलं नाही?"

"नाही, काकू."

"मग मी चुकले नाही रे. मी उलट फिरले." आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर आनंद होता, नवीन काही सापडल्याचा. तो थोडा वेळ टिकला. मग त्यांनी पाटी पुसली, पदराने पुसलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि चपला घालून देवळात गेल्या. मी मागे गेलो. जाऊ नये असं वाटत असूनही गेलो.

काकू मारुतीला उलटी प्रदक्षिणा घालत होत्या. गुरुजी गाभाऱ्यातून ओरडले, "अहो बाई! दिशा! दिशा चुकली!"

"माहितीये, गुरुजी. आजच कळलं."

"अहो, असं चालत नाही!"

काकू थांबल्या. "आत कुणी नसतं ना, तर कुठूनही फिरा, हाती शून्यच. आत कुणीतरी आहे म्हणून दिशेला किंमत आहे. तुमच्या मारुतीचा मानच ठेवतेय मी." आणि उरलेली फेरी पूर्ण केली. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खांबाकडे पाहिलं.

त्यानंतर बरेच दिवस "आज काय झालं?" ही हाक आली नाही. मला तशी नोकरी लागली होती, सांगण्यासारखं काही नव्हतंही. पण सहा वाजले की मी गच्चीच्या जिन्यावर येऊन बसायचो. खालून फक्त काकांच्या वर्तमानपत्राचा आवाज यायचा. घर एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. कधी कधी मला वाटायचं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग एके दिवशी हाक आली. "ए विदर्भ, तुझ्या त्या कंपनीत करतोस काय रे?" मी सांगितलं, दोन हजार साल येतंय. जुन्या कॉम्प्युटरांना सालाचे शेवटचे दोनच आकडे कळतात. नव्याण्णवनंतर शून्य-शून्य आलं की त्यांना वाटेल पुन्हा एकोणीसशे साल आलं. ते दुरुस्त करतो. काकूंच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी ती जुनी चमक आली.

"म्हणजे फेरी मारून त्याच जागी आला, पण मजला वरचा की खालचा ते त्याला कळत नाही! अरे, हा तर तुझा लॉग!" आमच्या कंपनीत मोठमोठे लोक ही गोष्ट पडद्यावर तक्ते दाखवून समजावत असत. इतकं थोडक्यात मला कुणी सांगितलं नाही. काका म्हणाले, "तिला घ्या नोकरीवर. म्हणजे यंदाही लोणची बुडाली." सगळे हसलो.

पुढे मी वाघोलीत फ्लॅट घेतला. वाघोलीहून कोथरूडला जायचं म्हणजे अख्खं शहर पार करायचं, हे कारण मला फार उपयोगी पडलं. काका गेले तेव्हा गेलो होतो, तेवढंच. बंगल्याच्या जागी इमारत झाली. दिवाळीला फोन व्हायचा. काकू विचारायच्या, "आज काय झालं?" आणि मी म्हणायचो, "काही नाही, काकू."

गेल्या वर्षी पन्नाशी ओलांडल्यावर एका रविवारी उठलो आणि गेलो. काकू खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होत्या. गुडघे गेलेले; प्रश्न शाबूत. लिफ्टमध्ये आरसा का लावतात, हे आल्या आल्या विचारलं. मी चहा होईपर्यंत थांबलो आणि मग सगळं सांगितलं. बोट, वर्तुळ, न आलेला खोकला. सांगताना मी खाली फरशीकडे बघत होतो.

वर पाहिलं तर काकू हवेत बोट फिरवत होत्या आणि मान वाकडी करून ते पलीकडून कसं दिसेल याचा अंदाज घेत होत्या.

"समोर बसायचास तू!" त्या म्हणाल्या. "तुला उलटं दिसायचं! अरे, इतकी वर्षं मला हाच एक प्रश्न होता. मुलगा हुशार, रोज समोर, आणि त्याला माझी चूक कशी दिसली नाही?" मग आवाज उतरला. "मला वाटायचं, तू बघतच नव्हतास. म्हातारीचं काय ऐकायचं, म्हणून नुसता हो हो करायचास."

"बघत होतो, काकू."

"हो. आता कळलं." त्यांनी डोळ्यांच्या कडा बोटाने टिपल्या आणि लगेच पुणेरी रोखठोकपणावर आल्या. "आणि खोकल्याचं मनाला लावून घेऊ नकोस. खोकला असतास ना, तर मी उभी राहून सांगितलं असतं पर्यवेक्षकांना, हा मला सांगतोय म्हणून. तुझी नोकरी गेली असती आणि माझी पदवी आली नसतीच."

निघताना मी पाया पडलो. "जाताना देवळात जा," त्या म्हणाल्या. "माझ्याच्याने आता होत नाही. माझी एक फेरी घालून ये मारुतीला."

मी दारापर्यंत गेलो आणि थांबलो. "कुठल्या बाजूने, काकू?"

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आता विचारतोयस होय!"

देवळात गुरुजी नवे होते, तरुण. ते मोबाइलवर काही बघत होते. मी एक फेरी काट्यांप्रमाणे घातली, सगळे घालतात तशी. मग जरा इकडेतिकडे पाहिलं आणि एक उलटी घातली, काकूंची. हिशोबाने बेरीज शून्य व्हायला हवी होती. मी चपला घालायला पायरीवर बसलो, आणि बराच वेळ तिथून उठलो नाही.